दोघांनी धरून चालवण्याआधी: अर्धांगानंतर तोल आणि चालणं

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलानं विचारलंय. वडील ६१ वर्षांचे, आयुष्यभर टॉवेलच्या मागावर काम केलेले. अडीच महिन्यांपूर्वी अंगावरून वारं गेलं, डावी बाजू गेली. बोलणं चांगलं आहे, उजव्या हातानं जेवतात. रोज सकाळ-संध्याकाळ हा मुलगा आणि त्याचा भाऊ दोन्ही काखांत हात घालून त्यांना हॉलमध्ये फेऱ्या मारायला लावतात. डावा पाय घासत येतो, गुडघा मागे जातो, आणि जरा सोडलं की ते डावीकडे कलतात. शेजारी सांगतात, तीन महिन्यांत जेवढं येतं तेवढंच, पुढे काही होत नाही. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी येतात. वॉकर आणावा का, करंटचं मशीन घ्यावं का, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी सिद्धेश्वराच्या दर्शनाला त्यांना चालत नेता येईल का, असे त्याचे प्रश्न आहेत.

तुम्हा दोघा भावांची मेहनत दिसते आहे. ती योग्य जागी लागावी म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: काखेत हात घालून चालवणं आजपासून बंद करा.

याची कारणं दोन. पहिलं म्हणजे खांदा. खांद्याची खोबण उथळ असते आणि दंडाच्या हाडाला जागेवर धरून ठेवायचं काम मुख्यतः स्नायू करतात. तेच लुळे पडले की हात स्वतःच्या वजनानं खाली ओढला जातो. त्यात तुम्ही काखेतून उचललंत किंवा दंडाला धरून ओढलंत की हाडाचं डोकं खोबणीतून आणखी सरकतं. शर्ट काढून पाहा, खांद्याच्या टोकाखाली बोट बसेल एवढी खाच दिसत असेल तर ती हीच. पुढे खांदा दुखायला लागतो, रात्रीची झोप जाते, आणि दुखणाऱ्या खांद्याचा माणूस कुठलाच व्यायाम करायला तयार होत नाही. चालण्याच्या नादात खांदा गमावलेली बरीच माणसं माझ्याकडे येतात आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं असतं.

दुसरं कारण असं, की दोघांच्या आधारावर लटकलेला माणूस चालत नसतो, त्याला नेलं जात असतं. त्याच्या डाव्या पायावर वजन येतच नाही. तोल सावरण्याचं काम तुमचे हात करतात, त्याच्या मेंदूला काही करावंच लागत नाही. अशा पन्नास फेऱ्या झाल्या तरी मेंदू त्यातून काय शिकणार?

चालणं हा पायाचा प्रश्न वाटतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र तो आधी तोलाचा आहे. डावी बाजू गेली याचा अर्थ इजा मेंदूच्या उजव्या भागाला झाली. बहुतेक माणसांत बोलण्याचं केंद्र डाव्या भागात असतं, म्हणून त्यांचं बोलणं शाबूत राहिलं आणि घरच्यांना वाटलं की झटका त्या मानानं हलका होता. पण आपलं शरीर जागेत कसं उभं आहे, सरळ काय आणि तिरकं काय, डाव्या अंगाला काय चाललंय, ही जाणीव मोठ्या प्रमाणात उजवा भाग सांभाळतो. तिला धक्का बसला असेल तर पायात ताकद येऊनही माणूस उभा राहू शकत नाही.

घरी दोन गोष्टी तपासा. जेवण झाल्यावर ताट बघा. आपण चटणी, कोशिंबीर, लिंबू डावीकडे वाढतो. शेंगाचटणी आवडणाऱ्या माणसाच्या ताटात ती तशीच राहिली असेल आणि उजवीकडची भाजी संपली असेल, तर त्यांचं डावीकडे लक्षच जात नाहीये. दाढी करताना डावा गाल राहतो का, दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतो का, हेही पाहा. दुसरी तपासणी: पलंगाच्या कडेला पाय जमिनीला टेकवून बसवा आणि उजवा हात काय करतो ते बघा. गादी रेटून ते स्वतःला डावीकडे ढकलतात का? तुम्ही सरळ करायला गेलात की उलट जोर लावतात का? लावत असतील तर हट्टीपणा करतात असं समजून ओरडू नका. मेंदूतला ओळंबाच कलला आहे. कललेलं असणं त्यांना सरळ वाटतं, आणि तुम्ही खरोखर सरळ केलंत की आपण उजवीकडे पडतोय अशी भीती वाटते.

अशा वेळी ढकलून सरळ करण्याचा उपयोग नसतो. उजव्या अंगाला भिंत येईल असं बसवा आणि ‘उजवा खांदा भिंतीला टेकवा’ एवढंच सांगा. सरळ करायचं काम त्यांचं त्यांना करू द्या. समोर दाराची उभी चौकट दिसू दे. चौकट सरळ आहे हे डोळ्यांना कळतं, फक्त अंगाला कळत नाही. म्हणून ‘चौकटीकडे बघा, तुम्ही तिच्यासारखे उभे आहात का?’ असं विचारत राहा. उजव्या हाताला रेटायला काही देऊ नका, त्याला काम द्या. उजवीकडच्या स्टुलावरची वाटी उचलून आणखी उजवीकडे ठेवायला सांगा. हा प्रकार बहुतेकांत सहा महिन्यांच्या आत ओसरतो. तो असेपर्यंत चालायची घाई केली तर रुग्ण घाबरतो आणि घरचे दमतात.

बसून तोल येऊ लागला, म्हणजे हात न टेकता पाचेक मिनिटं सरळ बसता आलं, उजवीकडे-डावीकडे वाकून परत मध्ये येता आलं, की डावीकडचं काम सुरू करा. तुमच्या घरात मागाच्या सुताच्या कांड्या असतील. त्या टोपलीत घालून टोपली त्यांच्या डाव्या बाजूला ठेवा आणि उजव्या हातानं एकेक उचलून उजवीकडच्या टोपलीत टाकायला लावा. डोळे डावीकडे वळतात, मान वळते, डाव्या कुल्ल्यावर वजन जातं, तोल सावरावा लागतो. एकाच कामात चार गोष्टी होतात. हातातली वस्तू ओळखीची असली की माणूस त्यात रमतो, हे मी मागवाल्यांच्या घरांत पुन्हा पुन्हा पाहिलंय. बोलायला येणाऱ्यांनीही त्यांच्या डाव्या बाजूला बसावं. पलंगाची उजवी बाजू भिंतीला लावली तर घरातली सगळी हालचाल डावीकडून होते, हेही चांगलं. फक्त कांड्यांचं काम त्यांना जमतंय एवढंच ठेवा, चिडचिड होईल एवढं नको.

आता सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम. एकच करता येणार असेल तर हा करा: बसलेलं असताना उठणं.

पलंग किंवा स्टूल जरा उंच घ्या, गुडघ्यापेक्षा थोडं वर. त्यांना कडेपर्यंत पुढे सरकवा. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले आणि गुडघ्याच्या थोडे मागे. डावा पाय उजव्याच्या किंचित मागे ठेवा. ही बारीकशी गोष्ट फार मोलाची आहे, कारण उठताना शरीर मागच्या पायावर जास्त भार टाकतं. तो पाय उजवा असला तर तेवढ्यावरच उठतील आणि डावा नुसता शोभेला राहील. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून हात पुढे, म्हणजे लुळा हात मागे लोंबकळत नाही. मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे जाईपर्यंत. बहुतेक जण इथे अडतात. पुढे पडू या भीतीनं मागे राहतात आणि तिथूनच उठायचा प्रयत्न करतात, म्हणून धपकन परत बसतात. तुम्ही समोर बसा, तुमचा एक हात त्यांच्या डाव्या गुडघ्यावर. गुडघा बाहेर किंवा आत जाऊ द्यायचा नाही, मांडीवरून पायाकडे हलका दाब द्यायचा. कुल्ला उचलला की ‘आता वर’ म्हणा. पूर्ण उभे राहिल्यावर दोन-तीन श्वास थांबवा, दोन्ही पायांवर सारखं वजन आहे का बघा, आणि बसताना सावकाश. उठण्याइतकंच सावकाश बसणंही पायाला ताकद देतं.

एका वेळी पाच ते दहा, दिवसातून सहा-सात वेळा. चहाआधी, औषधाआधी, संडासला जाताना, टीव्हीवर बातम्या लागल्या की. आईलाही हे शिकवा, कारण दिवसभर त्याच सोबत असतात आणि यात उचलायचं काही नसतं. सहज जमायला लागलं की बैठक दोन-दोन इंचांनी खाली आणा.

उभं राहायला स्वयंपाकघराचा ओटा उत्तम. ओटा समोर, मागे खुर्ची, डाव्या अंगाला तुम्ही. सुरुवातीला नुसतं उभं राहून डाव्या पायावर वजन न्यायचं आणि परत आणायचं. मग फळीवरचा डबा काढायचा, खाली ठेवायचा. मग ओट्याच्या कडेनं आडवं सरकायचं, चार पावलं डावीकडे, चार उजवीकडे. दोन मागांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वर्षानुवर्षं असंच सरकलेल्या माणसाला हे लवकर आठवतं. आणि मग पाट. जेवायला बसायचा लाकडी पाट समोर ठेवा आणि त्यावर उजवा पाय टेकवायला सांगा, परत खाली घ्यायला सांगा. घरचे नेहमी विचारतात, ‘चांगल्या पायाचा व्यायाम कशाला?’ उजवा पाय हवेत असतो तेवढा वेळ सगळं शरीर डाव्या पायावर उभं असतं. चालणं म्हणजे आळीपाळीनं एका पायावर उभं राहणं. डावा पाय हे दोन-तीन सेकंदही करू शकत नसेल तर उजवं पाऊल घाईघाईनं पडणार आणि माणूस लंगडणारच.

हे जमायला लागलं की चालणं. एकच माणूस, डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. कमरेला रुंद कापडी पट्टा बांधा. नसेल तर जाड टॉवेल कमरेभोवती घट्ट गाठ मारून बांधा आणि पाठीमागून तो धरा. हात दंडाला किंवा काखेला नाही, कमरेला. तोल गेला तर पट्ट्यानं सावरायचं, नाहीतर पट्टा ढिला ठेवायचा. तोल थोडा गेला आणि त्यांनी स्वतः सावरला, तर तेवढंच खरं शिकणं झालं.

पाय घासत येतो म्हणून घरात दिवसभर ‘पाय उचला, पाय उचला’ चाललेलं असतं. त्यानं होतं असं की माणूस कंबर उचलून पाय बाहेरून गोल फिरवत टाकतो आणि तीच सवय लागते. पाय घासण्यामागे घोट्यात पंजा वर उचलायची ताकद नसणं हे एक कारण असतं, पण एकटंच नसतं. कधी मांडी पुढे येत नाही, कधी पाय इतका ताठ झालेला असतो की गुडघाच वाकत नाही, आणि कधी उजवा पाय भक्कम असूनही डावीकडून उजवीकडे वजन नेता येत नसल्यानं डावा पाय मोकळाच होत नाही. कुठलं कारण आहे हे चालताना बाजूनं आणि मागून बघूनच कळतं. घोट्याचंच असेल तर पायाच्या मापाचा प्लास्टिकचा स्प्लिंट करून घ्या, पोटरीपासून तळव्यापर्यंत येणारा. तयार मिळणारे लवचीक स्प्लिंट हलक्या त्रासाला चालतात, पाय आत वळत असेल तर पुरत नाहीत. स्प्लिंट लावला की पाय आळशी होतो ही भीती मनातून काढा. स्प्लिंटमुळे माणूस जास्त आणि न घाबरता चालतो, आणि तेच हवं आहे. रोज काढल्यावर तळवा आणि घोटा बघा. संवेदना कमी असल्यानं जखम झालेली त्यांना कळणार नाही.

गुडघा मागे जाणं याकडे मात्र कानाडोळा करू नका. प्रत्येक पावलाला गुडघा मागे आदळतो तेव्हा मागच्या शिरा-स्नायू ताणले जातात, आणि काही महिन्यांनी गुडघा दुखायला लागतो. पोटरी आखडलेली असेल तर टाच टेकताना नडगी पुढे यायची ती येत नाही आणि गुडघा मागे ढकलला जातो. म्हणून पोटरी रोज ताणा. पाय सरळ करून बसवा, टॉवेल पंजाखालून घेऊन हळूहळू आपल्याकडे ओढा, अर्धा मिनिट धरा, चार-पाच वेळा. झटके देऊ नका, ताठपणा वाढतो. उभं असताना गुडघा ‘कुलूप’ न लावता किंचित वाकलेला ठेवून वजन घ्यायचा सराव करा. तो ओट्यापाशी, हाताच्या आधारानं. मांडीचे स्नायू कमजोर असले किंवा गुडघा कुठे आहे हे मेंदूला कळत नसलं तरीही गुडघा मागे जातो, त्यामुळे हे तुमच्या फिजिओथेरपिस्टना दाखवाच. स्प्लिंटचा कोन थोडा बदलूनही बराच फरक पडतो. ताठपणा फारच असेल तर न्यूरॉलॉजिस्ट गोळ्या किंवा स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनचा विचार करतात. इंजेक्शननंतरचे काही आठवडे व्यायाम जोरात केला तरच त्याचा पैसा वसूल होतो.

वॉकर आणू नका. वॉकर दोन्ही हातांनी धरावा लागतो आणि त्यांचा डावा हात धरत नाही. एका हातानं ओढलेला वॉकर वाकडा जातो आणि माणसाला घेऊन पडतो. काठी घ्या, सुरुवातीला चार पायांची. ती उजव्या हातात. दुबळ्या बाजूला काठी द्यावी असं अनेकांना वाटतं, ते चुकीचं आहे. उंची अशी, की हात सरळ सोडला असता मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. क्रम: काठी, डावा पाय, मग उजवा. पायऱ्या चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी, आणि कठड्याला धरूनच.

मशीनबद्दल. पंजा उचलणाऱ्या स्नायूला चालता चालता, नेमक्या वेळी करंट देणारी उपकरणं आहेत आणि त्यांचा काहींना चांगला उपयोग होतो. पण झोपवून पायाला वीस मिनिटं करंट लावून ठेवण्यानं कोणी चालायला शिकत नाही. तेवढ्या वेळात तीस वेळा उठणं-बसणं होतं, ते जास्त कामाचं. वजन पेलून धरणारा पट्टा आणि ट्रेडमिल असलेली महागडी सेंटर्स पुण्या-मुंबईला आहेत, तिथे न्यावं का असंही लोक विचारतात. २०११ मध्ये अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला अशी ट्रेडमिल होती, दुसऱ्या गटाला फिजिओथेरपिस्टनं घरी येऊन करून घेतलेले ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. वर्षअखेर दोन्ही गटांचं चालणं सारखंच सुधारलं होतं. त्यामुळे सोलापुरात राहून तुम्ही काही गमावत नाही. पण त्या अभ्यासातल्या घरच्या व्यायामावर जाणकाराची नजर होती आणि व्यायाम हळूहळू कठीण होत गेला होता, हेही लक्षात ठेवा.

याच्या जोडीला भारतातला एक अभ्यास सांगायला हवा. आपल्याच देशातल्या १४ हॉस्पिटलांत १२५० रुग्णांवर तो झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडूनच रुग्णाचे व्यायाम करून घेतले, तर पुढचं परावलंबन कमी होतं का, हे पाहिलं. सहा महिन्यांनी फरक आढळला नाही. मी याचा अर्थ असा घेते: घरच्यांचे हात हवेतच, पण फिजिओथेरपीची जागा ते घेऊ शकत नाहीत. आठवड्यातून दोनदा हे कमी आहे. परवडत असेल तर निदान पाच दिवस करा. परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात दाखवा. आणि जे दोन दिवस येतात त्यांच्याकडून आठवड्याचा गृहपाठ लिहून घ्या, मोबाइलवर व्हिडिओ काढा, पुढच्या वेळी काय कठीण करायचं ते ठरवून घ्या. ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत पक्षाघातानंतर सगळ्या थेरपी मिळून दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस असं प्रमाण सांगितलं आहे. ऐकून दडपण येतं, पण सलग तीन तास कोणीच करत नाही. वीस-वीस मिनिटांचे तुकडे दिवसभर पाडले की त्याच्या जवळ जाता येतं.

तीन महिन्यांचं म्हणाल तर शेजाऱ्यांच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते, मेंदू त्या काळात बदलायला जास्त तयार असतो. म्हणून आत्ताचे दिवस मालीश आणि अर्धांगावर औषध देणाऱ्या गावांना चकरा मारण्यात घालवू नका. पारव्याचं रक्त चोळणं, कोणी दिलेली पुडी, यांनी मेंदूतली रक्तवाहिनी मोकळी होत नाही, आणि त्या पथ्यापायी रक्तदाबाची गोळी बंद झाली तर दुसरा झटका येऊ शकतो. तेल लावून हलकं चोळायला हरकत नाही, आईंना समाधान वाटत असेल तर जरूर करा, व्यायाम झाल्यावर. गरम शेक मात्र नको, भाजलेलं कळत नाही. पण तीन महिन्यांनी दार बंद होतं हे खरं नाही. वेग मंदावतो, सुधारणा चालू राहते. वर्ष उलटल्यावर नव्यानं सराव सुरू करून चालणं सुधारलेली माणसं मी पाहिली आहेत आणि संशोधनही तेच सांगतं.

घराकडे एक नजर टाका. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून बोळात आणि मोरीपाशी बॅरल, घागरी भरून ठेवलेल्या असतात. त्यांच्या चालण्याच्या वाटेवर, विशेषतः डाव्या हाताला, एकही ठेवू नका. त्यांना ते दिसत असूनही जाणवणार नाही. पाणी सुटलं त्या दिवशी शहाबादी फरशी ओली असते, त्या दिवशी फरशी पुसून कोरडी होईपर्यंत चालणं नको. सतरंजीच्या कडा दुमडलेल्या, उंबरठा, पायात घोळणारी लुंगी, सपाता, सगळं बघा. लुंगीऐवजी पायजमा, आणि मागून पट्टा असलेली चप्पल किंवा हलके बूट. रात्री संडासच्या वाटेवर दिवा. भारतीय संडासावर कमोडची खुर्ची ठेवा आणि उजव्या हाताला भिंतीत लोखंडी दांडा बसवून घ्या. अर्धांगानंतर पडून खुब्याचं हाड मोडणं ही सगळ्या सुधारणेवर पाणी फिरवणारी गोष्ट असते, आणि ते बहुधा लुळ्या बाजूचंच मोडतं.

जमिनीवर बसणं हा विषय पुस्तकांत फारसा नसतो, आपल्या घरांत तो रोजचा आहे. विडी वळणाऱ्या एक बाई माझ्याकडे यायच्या. काठीनं छान चालू लागल्या तरी खूश नव्हत्या. खुर्चीवर बसून सूप मांडीवर घेता येत नाही म्हणायच्या. मग आम्ही चालणं बाजूला ठेवून खाली बसणं आणि उठणं घेतलं: आधी पलंगाला धरून गुडघ्यावर, मग चांगल्या कुल्ल्यावर टेकून खाली. उठताना उलट, चांगला पाय पुढे रोवून आणि हात पलंगावर. तुमच्या वडिलांनाही चालणं स्थिर झाल्यावर हे शिकवा. कधी पडलेच तर घाबरून चौघांनी ओढण्यापेक्षा स्वतः उठण्याचा मार्ग माहीत असलेला बरा.

आणि त्यांच्या मनाकडे लक्ष द्या. अर्धांगानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं. व्यायाम टाळणं, गप्प बसणं, उगाच रडू येणं याला आळस म्हणू नका, डॉक्टरांना सांगा. औषधानं फरक पडतो आणि मग व्यायामालाही जोर येतो.

आता गड्ड्याचं. तारीख मी देणार नाही, खुणा देते. घरासमोर सरळ १० मीटर अंतर खडूनं आखा, सुरू करण्याआधी दोन मीटर आणि संपल्यावर दोन मीटर मोकळे सोडा, आणि त्या १० मीटरला किती सेकंद लागतात ते मोजा. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर अजून घरातच चालणं बरं. साडेबारा ते २५ च्या मध्ये असतील तर सोबतीनं गल्लीत. साडेबाराच्या आत आले तर बाहेर मोकळेपणानं फिरता येईल, असा ढोबळ हिशेब जगभर वापरला जातो. त्यासोबत फिजिओथेरपिस्टकडून तोलाची १४ कृतींची, ५६ गुणांची बर्ग चाचणी करून घ्या. ४५ च्या खाली असतील तर गर्दीत नेऊ नका. चालताना बोलायला लावूनही बघा. उत्तर देण्यासाठी जे थांबतात त्यांचं सगळं लक्ष अजून पावलांत अडकलेलं असतं आणि गर्दीत ते पडतात.

नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा या दिवशी चांगल्या माणसालाही धक्के बसतात, त्या दिवसांत नेऊच नका. यात्रा ओसरल्यावर एखाद्या सकाळी लवकर, रिक्षा जेवढी आत जाईल तेवढी नेऊन, तळ्यातून देवळाकडे जाणारी वाट काठीनं, मध्ये बसायला घडीचं स्टूल सोबत ठेवून. हे जानेवारीत जमेल की मार्चमध्ये, ते वरच्या खुणा सांगतील. उन्हाळा सुरू झाला की आपल्याकडे सकाळी आठनंतर बाहेरचा व्यायाम बंद ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्या, घाम आणि कमी पाणी मिळून उठताना दाब एकदम उतरतो आणि भोवळ येते. म्हणून पलंगावरून उठण्याआधी दोन मिनिटं बसवायचं, हे बाराही महिने.

व्यायामाआधी दाब मोजा. बसलेल्या स्थितीत १८०/११० च्या वर असेल तर त्या वेळचा व्यायाम करू नका आणि डॉक्टरांना कळवा. छातीत दुखलं, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर थांबवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. एका पोटरीला अचानक सूज येऊन ती गरम आणि दुखरी झाली तर चोळू नका, चालवू नका, त्याच दिवशी दाखवा. तिथे रक्ताची गाठ असू शकते. आणि तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद अचानक कमी होणं, आधी नसलेली भोवळ किंवा अंधारी, यांतलं काहीही दिसलं तर शेवटचे ठीक कधी होते ती वेळ लक्षात ठेवून, जिथे सीटी स्कॅन चोवीस तास होतो अशा हॉस्पिटलात थेट न्या. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साडेचार तासांची मुदत असते आणि ती त्या वेळेपासून मोजतात. असं हॉस्पिटल तुमच्या घरापासून कुठलं जवळ आहे, ते आजच चौकशी करून आईंच्या फोनमध्ये नंबर घालून ठेवा.